पिकअपखाली चपलेचं रबर

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार

आला! बेस आला!!

दुपारच्या यष्टीतून भैय्यालालभाऊ उतरले ते चादरीत गुंडाळलेलं लांबोळकं गाठोडं छातीशी धरून. कंडक्टरनं टपावर टाका म्हटलं, तर तुमसरपासून नाकाडोंगरीपर्यंत त्याच्याशी भांडत आले म्हणे. नागपूरचा कुठला तरी ऑर्केस्ट्रा मोडला, त्यांच्याकडून घेतला. लाल रंग. कडेला पोपडे उडालेले. चारच तारा — पण काय तारा! सर्वांत जाड ती सायकलच्या ब्रेकच्या वायरीएवढी!

भाऊंच्या सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस असते. तिथं चादर सोडली. भाऊ स्वतः ऑर्गन वाजवतात. मला म्हणाले, "मुरारी, हा तुह्या गळ्यात. कॉलेजात गिटार वाजवत होता ना तू?"

वाजवत होतो! कॉलेजची तेवढी एकच गोष्ट कामी आली. बाकी बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, प्रॅक्टिकलच्या सरांशी झालेलं भांडण, मी आपटलेलं दार — सारं गेलं खड्ड्यात. परत जाणार नाही म्हणजे नाही.

वच्छला होती. आमच्यात ती गाते. मासे धरणाऱ्या मनिराम ढिवराची पोरगी, गावच्या तळ्यात त्यांचे शिंगाडे असतात. तिची माय सखाबाई रोज सोबत येते आणि दारात बसून उकडलेले शिंगाडे सोलते. पोरगी आणि शिंगाडे, दोन्हींवर एकाच वेळी नजर!

वच्छला जवळ आली. "याले बोट लावू का?" म्हणाली. जाड तार ओढून सोडली. वायर जोडलेली नव्हती, तरी लाकडातून गूं झालं. तिनं झटकन हात मागं घेतला. "बाप्पा! हे तं आत बोलते!"

आत बोलते! बपेऱ्याला घरी पोचेपर्यंत सायकलवर मी तेच घोकत होतो.

४ ऑक्टोबर

बोटांना फोड आले. मजा आहे!

७ ऑक्टोबर

सत्यानाश. कुणाला ऐकूच येत नाही!

ऑर्गन ऐकू येतो, ढोलक ऐकू येतो, दारातल्या सखाबाईचा शिंगाडा सोलल्याचा आवाज ऐकू येतो. बेस नाही. टेकचंद, आमचा साऊंडवाला — माइक, स्पीकरचे खोके, जनरेटर सगळं त्याचं. तो खोक्याला कान लावून म्हणतो, "मुरारी, वाजवून राहिला का खाजवून राहिला बे?"

सगळे हसले. वच्छलाही! तोंडाला ओढणी लावून. मला आधी इतका राग आला की बेस भिंतीवर मारावा. मग वाटलं, हसली म्हणजे माझ्याकडे लक्ष होतं. मग राग गेला.

पण टेकचंदला दाखवतोच.

८ ऑक्टोबर

बाबांनी आज जेवताना स्पष्ट केलं. "मंडईपर्यंत वाजव काय वाजवाचं ते. मंग इळा हाती घेजो. भारी धान तुही वाट नाई पाहत."

म्हणजे दिवाळी झाली, बपेऱ्याची मंडईची जत्रा झाली आणि उशिरा पिकणारा भारी धान कापणीला आला की खेळ खलास. तोपर्यंत नाव झालं पाहिजे. आणि दुसरी गोष्ट झाली पाहिजे. ती इथं लिहीत नाही.

लिहितोच. वच्छला! वच्छला! वच्छला! आम्ही शेतकरी, ती ढिवरांची. दोन्ही घरं पेटतील. पेटू देत!

ती मला नावानं हाक मारत नाही. "ओ" म्हणते. पण भाऊ म्हणत नाही — हेच पुष्कळ!

९ ऑक्टोबर, रविवार

सापडलं!!

तारांच्या खाली, पोटाच्या मधोमध एक काळी पट्टी आहे. तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार हलली की गुंडाळीत करंट येतो, तो वायरीतून खोक्यात जातो. हे तर मला पाठ आहे! याच्यावरच त्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं.

मग सरळ हिशेब. चुंबक तारेच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. आमचा पिकअप पार बुडाशी बसला होता, पोत्याखालच्या उंदरासारखा दबून. दोन टोकांना दोन स्क्रू. आवळले की पिकअप खाली जातो, ढिले केले की वर यायला पाहिजे. ढिले केले. आला नाही. पूर्ण काढून पाहिलं तर खाली उचलून धरायला जो स्पंज असतो त्याची नुसती भुकटी झालेली!

आता स्पंज कुठून आणू? पायाकडे पाहिलं. हवाई चप्पल! टाचेकडचं रबर ब्लेडनं कापलं, दोन तुकडे एकावर एक ठेवले, वर पिकअप, मग स्क्रू. पिकअप असा वर आला की जाड तारेला चाटायला आला!

खोका लावला. तार ओढली.

धम्म!!!

दुकानातले स्पोकचे डबे वाजले! पंक्चर काढायला बसलेला गडी उठून उभा राहिला. भाऊ बाहेरून ओरडले, "टायर फुटला का बे?"

टायर नाही भाऊ — मुरारी फुटला!

एक पाय अनवाणी घरी आलो. बाबा म्हणाले, "चप्पल कुत्र्यानं नेली का?" मी नुसता हसत होतो. ते मायला म्हणाले, "पोराले पाहून घे वो, याचं काई खरं नाई."

१० ऑक्टोबर

आज खोका मीच हलवून वच्छलाच्या उभ्या राहायच्या जागेशेजारी ठेवला. टेकचंदला म्हटलं, वायर पुरत नाही. पुरत होती.

तिच्या अगदी पायाशी माझा बेस! गाताना ती सारखी मान वळवत होती. माझ्याकडे! बोटांकडे! सखाबाईनं दोनदा खाकरून दाखवलं. मी बादशहा!

१२ ऑक्टोबर

परवा नवरात्रातल्या शारदेपुढे कार्यक्रम. नाकाडोंगरीतच. पहिल्यांदा स्टेजवर बेस! इस्त्री करायला माय तांब्यात निखारे घालून देणार आहे.

१५ ऑक्टोबर

सगळं लिहून टाकतो.

काल कार्यक्रम झाला. पहिलं गाणं भाऊंनी म्हटलं, ठीक गेलं. दुसरं वच्छलाचं. सुरुवात झकास! लोक शांत. मग मधल्या भागात तिचा सूर घसरला. म्हणजे एकदम नाही. चिखलात पाय जावा तसा, हळूहळू. भाऊंनी ऑर्गन जोरात केला, ती सावरली. परत घसरली. मी तिला धीर यावा म्हणून बेस आणखी दाबून वाजवला. तेवढी ती आणखी बिघडली.

मागून शिट्ट्या. एक जण ओरडला, "पोरगी फाटली रे! पोत्यात भरा!"

मी बेस खाली ठेवला, उडी मारली आणि त्याला हाणला. त्यानंही हाणलं. त्याच्याकडे भाऊबंद होते, माझ्याकडे टेकचंद एकटा. लोकांनी सोडवलं.

भाऊ स्टेजमागं तिला सगळ्यांदेखत बोलले, "तुह्या कानात बोळे हायेत का? सुरावर उभीच नाई राहत तू!"

ती रडली नाही. खाली पाहत होती. मग एकदा तिनं खोक्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी डोळ्यानं सांगितलं, मी आहे.

१६ ऑक्टोबर

दसरा. डोळा सुजलेला. सोनं द्यायला गेलो तर सखाबाईनं दारातूनच घेतलं. वच्छला आत होती.

१९ ऑक्टोबर

भाऊंनी आज सांगून टाकलं. मंडईसाठी गोंदियाहून गाणारी आणणार. बपेऱ्याच्या मंडईत माणूस तीन-चार गावांचा येतो, तिथं इज्जत घालवायची नाही.

वच्छला तिथंच होती. म्हणाली, "एक डाव पुन्हा पाहा ना भाऊजी."

"कितीक डाव पाहू? मंडई अंगावर आली."

सखाबाई परात बाजूला सरकवून उभी राहिली. "माही पोरगी तळ्यावर गाते तं नाववाले नाव थांबवतात. तुमच्याच खोलीत बिघडते काहून? खोलीले दोष हाय का पोरीले?"

भाऊ म्हणाले, "काकू, खोली गात नाई."

मी बेसची वायर गुंडाळत राहिलो. तिला काढलं तर मी तिथं कोणासाठी वाजवू? आणि तिचं काय? गाणं सुटलं की तिला त्या दारात कोण येऊ देणार? महिन्याभरात लग्न लावून मोकळे होतील.

२१ ऑक्टोबर

सकाळी तळ्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, मुद्दाम गेलो. ती डोंग्यात बसून शिंगाड्याचे वेल उलटत होती. तेच गाणं गात होती. शारदेपुढं बिघडलेलं, तेच!

सरळ. सुताला लागलेलं. एक कण इकडे नाही, तिकडे नाही!! काठावरच्या बाया वाकून कपडे धूत होत्या, त्यांनीही हात थांबवले होते.

म्हणजे सखाबाई खरं बोलली. पोरीत दोष नाही. मग दोष कशात आहे?

ऑर्गन! दुसरं काय! भाऊंचा ऑर्गन जुना आहे, त्याच्यात झुरळं निघतात, मी पाहिली आहेत. तोच बेसूर असणार!

२२ ऑक्टोबर

सांगितलं भाऊंना. तोंडावर सांगितलं. तुमचा ऑर्गन बेसूर आहे, तिचं नाव खराब करू नका.

भाऊ आधी हसले. मग लाल झाले. "माहा ऑर्गन? अबे, तुले दुधाचे दात होते तेव्हापासून मी या पट्ट्या दाबून राहिलो! त्या पोरीच्या मागं तुहं डोकं फिरलं, साऱ्या गावाले दिसते. बेस ठेव अन् घरी जाय!"

बेस ठेवला नाही. खांद्यावर टाकला आणि निघालो. टेकचंद सायकलच्या मागं धावत ओरडत होता, "अबे, चोरी होय ते! मुरारी! चोरी होय!" असू दे चोरी!

२३ ऑक्टोबर

चूक माझी होती. माझी! माझी!

दुपारी कोठ्यात बैलांजवळ बसलो होतो. खोका नाही, लाईन नाही, नुसता बेस. तिच्या गाण्यातला तो मधला भाग वाजवत होतो, रागारागानं. त्या भागात माझं बोट जाड तारेवर खूप वर जातं. लाकडाला कान लावून ऐकलं.

वंव — वंव — वंव — वंव.

एक सूर नाही! दोन सूर एकमेकांत अडकून डगमगतात. पंक्चर चाकाची सायकल चालवावी तसे. दांड्यावरच्या खालच्या पट्टीवर कमी. बोट वर न्यावं तसं जास्त. जोरात ओढलं की आणखी जास्त, आणि सूर हळूच खाली सरकतो.

खोका नाही तरी डगमगतं! म्हणजे खोक्यात नाही, वायरीत नाही — तारेतच आहे. तारेला कोण धरतं?

मग डोक्यात उजेड पडला तो असा की बैल दचकला, कारण मी ओरडलो. चुंबक! लोखंडाची तार आणि खाली तिला चाटायला गेलेला चुंबक! तो तिला मोकळी हलूच देत नाही. प्रत्येक वेळी खाली ओढतो. बोट वर जातं तशी तार पिकअपच्या आणखी जवळ झुकते, आणखी ओढली जाते!

चाकूच्या टोकानं स्क्रू आवळले. रबर दबलं. पिकअप खाली गेला. तीच जागा, तीच तार.

गूं.............

सरळ. तळ्यावरच्या तिच्या सुरासारखा सरळ.

मी बसून राहिलो. कारण पुढचं मग आपोआप कळत गेलं. ती माझ्या खोक्याजवळ उभी असते — मीच तो तिथं नेऊन ठेवला. तिच्या कानात सगळ्यांत मोठा आवाज माझा. तिनं सूर ऑर्गनचा नाही धरला, माझा धरला. मी घसरलो, ती माझ्यासोबत घसरली. मी दाबून वाजवलं, ती आणखी घसरली.

ती बेसूर नव्हतीच. ती माझ्याबरोबर होती!

आणि शिट्ट्या तिला पडल्या.

२४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळीच दुकान गाठलं. भाऊ चाक सरळ करत होते. बेस पाहून म्हणाले, "आला का चोर?"

मी म्हटलं, सगळ्यांना बोलवा. वच्छलाला, काकूला, टेकचंदला. आत्ता. भाऊ म्हणाले, "कायले?" मी म्हटलं, मला शिव्या द्यायला.

सगळे आले. मी आधी रबर जसं होतं तसं करून पिकअप वर आणला, खोका लावला आणि तो भाग वाजवला. वंव-वंव-वंव. मग स्क्रू आवळून वाजवला. गूं. परत वर. परत खाली. टेकचंदनं तोंडात घातलेला घास चावायचा सोडला.

मग ऑर्गनची पट्टी दाबायला सांगितली आणि भाऊंना म्हटलं, तुमचा ऑर्गन शंभर टक्के सुरात आहे. तिचे कानही. मोठ्यानं ऐकू यावं म्हणून हे मी वर केलं. भांडायला मीच आलो.

भाऊंनी स्वतः स्क्रू फिरवून पाहिला. "अन् मी हिले काढत होतो..." एवढंच बोलले.

सखाबाई मात्र बोलली! आधी तिनं विचारलं, खाली ते काय घातलं आहे. मी म्हटलं, चपलेचं रबर. झालं!

"चप्पल? तुह्या चपलेनं माह्या पोरीचं नाक कापलं? इतक्या मानसात? आता ती दुसरी चप्पल आण इकडे, तुह्या थोबाडावर बसवतो!"

टेकचंद हसत हसत खाली बसला. भाऊही हसले. मी गाल पुढं केला. खरंच केला! तिनं मारलं नाही, शिंगाडा फेकला. कपाळावर लागला.

वच्छला हसली नाही. ती बेसकडे पाहत होती. म्हणाली, "मंग किती खाली ठेवाचं ते?"

२५ ऑक्टोबर

आजचा दिवस! आजचा दिवस जन्मात विसरणार नाही!

पिकअप खाली नेला तर डगमग गेली, पण आवाजही गेला. परत त्या खाजवण्यावर आलो. मधली जागा हवी. आणि ती मला ऐकू येईना — वाजवणाऱ्याला छातीत आधी लागतं, कानात नंतर.

वच्छला म्हणाली, "मी दूर जातो. तुमी वाजवा. मी सांगतो."

अंगणात गेली. बोरीच्या झाडाशी उभी राहिली, डोळे मिटून. मी स्क्रू थोडा ढिला करायचो, तार ओढायचो, तिकडून आवाज यायचा —

"पोकळ लागते!"

थोडा वर.

"आता गढूळ झालं!"

थोडा खाली.

"जाड तारेचा बरा हाय. बारक्या तारा मागं राहतात."

बरोबर! जाड तार मुळातच दांडगी, तिला चुंबक लांब पाहिजे. बारीक तारा दुबळ्या, त्यांना जवळ. मग दोन्ही स्क्रू सारखे कशाला ठेवायचे? जाड तारेकडचा आवळला, बारीककडचा ढिला केला. पिकअप तिरपा झाला, उताराच्या वावरासारखा. चारही तारा ओढल्या.

तिकडून काहीच आवाज नाही. मी मान वर केली. ती झाडाशी तशीच उभी.

"पुन्हा," म्हणाली.

पुन्हा ओढल्या.

"बस!! हात नका लावू आता!"

भाऊंनी मापून ठेवलं. तार दांड्यावरच्या शेवटच्या पट्टीवर दाबून धरली तर जाड तारेखालून आगपेटीची काडी आरामात सरकते आणि बारीक तारेखालून जराशी घासून. टेकचंद म्हणाला, आवाज कमी वाटला तर खोक्यावरून वाढवतो, पिकअपला कुणी हात लावला तर हात तोडतो.

तिनं कानानं ठरवलं, मी हातानं केलं! मधे फक्त एक स्क्रू!

मग ती गायली. बेस, ऑर्गन आणि ती. ढोलकवाल्यानं सुद्धा वाजवायचं सोडून ऐकलं. भाऊ म्हणाले, "गोंदियावालीले नाई म्हणून कळवतो." सखाबाईनं परात माझ्यापुढं सरकवली. खा म्हणाली!

३० ऑक्टोबर

रोज प्रॅक्टिस. बाबांचा लवकर पिकणारा हलका धान कापून झाला. मी एकच दिवस गेलो आणि तालात कापत होतो म्हणून मजूर हसले.

४ नोव्हेंबर

दिवाळी. नवी चप्पल मिळाली. बाबांनी बजावलं, "हिले कापू नोको."

९ नोव्हेंबर, बुधवार

मंडई! मंडई!! मंडई!!!

अख्खा बपेरा माणसांनी फुगला होता. घरोघरी पाव्हणे, गल्लीत जिलेबी, पोरींच्या हातांत नव्या बांगड्या. रात्री नाटक असतं, म्हणून आम्हाला दुपार मिळाली होती. दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ संपला आणि आम्ही चढलो.

खोका यावेळी भाऊंच्या बाजूला. वच्छला मधोमध. तिनं सुरुवात केली. मी खालून हळूच धरलं. मधला भाग आला — माझं बोट वर गेलं — आणि ती तिथून अशी निघाली, अशी निघाली, की मागं खुर्चीवर उभे राहिलेले लोक आपणहून खाली बसले. एक शिट्टी वाजली. पण ती शिट्टी वेगळी होती!

पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा लावलं!

बाबा लांब, कडुनिंबाखाली हाताची घडी घालून उभे होते. नंतर जवळ आले. "मागून ते घुमत होतं, ते तू का?"

मी म्हटलं, हो.

"मले वाटलं जनरेटर होय." आणि गेले. चार पावलांवरून वळून म्हणाले, "बंद पडलं असतं तं खाली खाली वाटलं असतं." बाबांच्या तोंडून! मी माइकवर नाचायचा बाकी होतो!

एकच काटा. सखाबाई पानठेल्याजवळ सांगत होती की लाखांदूरकडचे पाव्हणे आले आहेत, मंडईचं निमित्त, खरं तर पोरगी पाहायला. गाताना पाहिली. पसंत आहे म्हणतात. मंडईत असंच असतं. पोरी नटून मिरवतात, पाव्हणे जिलेबी खात पाहून घेतात, दिवसभरात सोयरिकी ठरतात. हे दरवर्षी मी पाहतो आणि आज पहिल्यांदा माझी जिलेबी घशात अडकली.

१० नोव्हेंबर

विचारणार. ठरलं. तिला विचारणार, मग तिच्या बापाला, मग माझ्या बापाला. उलट क्रमानं गेलो तर पहिल्या दारातच मार खाईन.

१२ नोव्हेंबर

काय म्हणायचं ते बैलापुढं तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा तो उठून गेला.

मंडईत ती माझ्याकडे पाहून हसली होती. गाणं संपल्यावर. म्हणजे — माझ्या दिशेनं. नाही, माझ्याकडेच!

१४ नोव्हेंबर, सोमवार

विचारायला गेलो. खोलीत वच्छला एकटीच होती, सखाबाई बाहेर गिऱ्हाइकाशी शिंगाड्यांवरून भांडत होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "मले हे वाजवाले शिकवाल का?"

मी म्हटलं, मग गाईल कोण?

"मी गातो तं सारे मले पायतात. पाव्हणे बी पाहूनच गेले, कोनता सूर होता विचारा त्याइले. हे वाजवीन तं आयकतील."

पाव्हण्यांचं काय झालं, म्हटलं. "नाई म्हणून सांगतलं बाबाले. माय दोन दिस बोलली नाई." बोलता बोलता बेस उचललाच होता तिनं.

माझं विचारायचं राहिलं. पट्टा तिच्या खांद्यावर मी चढवला. जाड तारेवर बोट ठेवून दिलं. तारेचा वण उमटला, लाल झालं, तिनं सोडलं नाही. एवढ्या वेळात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग मान वर न करताच म्हणाली, "अन् तुमाले गाता येते का?"